एका घरात दोन सखाराम

२ जून, सोमवार

वरच्या मजल्यावर पांडूकडे नेटवाल्या कंपनीचा माणूस येऊन जुना राउटर काढून नवा बसवून गेला. चार शिंगांचा. पांडू जिन्यावरून ओरडत होता, "अण्णा, आतां गल्लीच्या टोकापर्यंत येतं बघ!" धाकट्या भावाने साठी ओलांडली, पण नवी वस्तू आली की अजून तेच.

दुपारी रुक्कूची चित्रांची पाटी, म्हणजे टॅबलेट, मुकी झाली. चित्रं दिसतात, बोट ठेवलं की आवाज नाही. तीनदा बंद केली, तीनदा चालू केली. रुक्कूने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तेच." फेब्रुवारीत अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून बायकोकडे हा एकच शब्द उरला आहे. पाणी हवं, तेच. पाय दुखतो, तेच. मी गाढव आहे, तेच. म्हणून तर पाटी आणली.

उद्या मुलाला, बाबूला, फोन करणे.

३ जून, मंगळवार

बाबूशी बोललो. नेदरलंडला सकाळ होती, तो दात घासत होता. मार्चमध्ये रजा काढून आला होता तेव्हा ही सगळी मांडणी त्यानेच केली. मागच्या खोलीत रुक्कूच्या हातात पाटी. हॉलमध्ये आमच्या राउटरला जोडलेली काड्यापेटीएवढी डबी, आणि डबीला कर्णा. रुक्कूने चित्र दाबलं की कर्णा बोलतो, म्हणजे मला स्वयंपाकघरात ऐकू येतं.

दुकानातली तयार ॲपं आधी पाहिली होती. त्यांना तमिळ येतं, इंग्रजी येतं, पुण्याची मराठीही येते. ती पुण्याची बाई "मला तहान लागली आहे" असं म्हणाली तेव्हा रुक्कूने भिंतीकडे तोंड केलं. तमिळ तिचं झटक्याबरोबरच गेलं, चाळीस वर्षं भाजीवाल्याशी भांडलेलं तमिळ. कळते ती फक्त आमच्या घरातली बोली, कित्येक पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली मराठी, आणि ती कुठल्या ॲपला येणार? मग पांडूची बायको तुळसा कोठीत पंखा बंद करून बसली, घामाघूम होऊन चौसष्ट शब्द बोलली, ते बाबूने डबीत भरले. एका चित्रात माझा फोटो आहे. तो दाबला की तुळसाच्या आवाजात येतं, "ऐकलां का, हिकडे यां!" हे बोलताना ती इतकी लाजली होती की सहा वेळा घ्यावं लागलं.

बाबू आज म्हणाला, "अप्पा, घरात दोन राउटर म्हणजे दोन घरं समजा. पाटी हाक मारते, 'सखाराम कोण?' डबी म्हणते, 'मी.' पण ही हाक एका घरातून दुसऱ्या घरात जात नाही. वरच्यांचा नवा राउटर जोराचा, आणि मागची खोली बरोब्बर त्याच्याखाली. पाटी वरच्या घरात जाऊन बसलीय, डबी खालच्या घरात."

डबीचं नाव सखाराम. बाबूने स्वतःचंच दिलं आहे, म्हणजे माझ्या वडिलांचं.

४ जून, बुधवार

बाबूच्या सांगण्यावरून पाटीला वरचं वायफाय विसरायला लावलं. विसरली. आता तिला खालचंही सापडत नाही. मध्ये दोन भिंती आणि रुक्कूच्या माहेरचं लोखंडी कपाट; आधी कसंबसं पोचायचं ते आता वरच्याच्या जोरात बुडालं. हॉलमध्ये आणली की पोपटासारखी बोलते. मागच्या खोलीत नेली की गप्प.

पांडूचा सल्ला: वहिनीचा पलंग हॉलमध्ये आण. हॉल आणि न्हाणीच्या मध्ये तीन पायऱ्या आहेत हे तो याच घरात जन्मून विसरला. माझा बेत: राउटर मागे नेणे. वायर देवघराच्या उंबऱ्यावरून जाईल आणि रुक्कूचा वॉकर तिच्यात अडकेल. नको. पुन्हा पडली तर मी काय करू?

५ जून, गुरुवार

पाटीत डबीच्या नावाऐवजी तिचा आकडा घालून पाहिला. १९२ने सुरू होणारा लांबलचक आकडा, मध्ये ठिपके. पाटी परत वरच्या वायफायवर नेली, आकडा घातला. नाही. बाबू म्हणतो, आपल्या राउटरला नेट वरच्यातूनच येतं, म्हणून खालच्या घरातून वरच्या घरात जाता येतं, वरून खाली येता येत नाही, खालचे आकडे वरच्याला माहीतच नसतात. मी म्हटलं, हे मला काल का नाही सांगितलंस? म्हणाला, "काल मलाच आठवलं नाही, अप्पा."

एकतीस वर्षं भूगोल शिकवला. पोरांना सांगत आलो, नकाशात नाव नाही म्हणून गाव नसतं असं नाही. डबी समोर आहे, हिरवा दिवा लुकलुकतोय, हात लावला तर कोमट लागते. आणि पाटी म्हणते, असं कोणी सापडत नाही.

रुक्कू चित्रं दाबत असते. मी सांगतो, "अगं थांब, अजून दुरुस्त नाही झालं." ती तरी दाबते.

६ जून, शुक्रवार

एकादशी. मला उपास.

क्रमाने विचारत जायचं ठरवलं आहे. पाणी? कॉफी? पंखा? दिवा? न्हाणी? पाय? ती मान हलवते, पण मान हो म्हणते की नाही, तेही हल्ली नीट कळत नाही. सकाळी बारा प्रश्न झाले, तेराव्याला मी ओरडलो. "मग काय हवंय तरी काय तुला!" शाळेत मागच्या बाकावरच्या पोरावर ओरडायचो तसा. ती दचकली. डावा हात छातीशी नेला.

नंतर कळलं, उशीची शिवण मानेला टोचत होती. उशी फिरवली, संपलं. एवढंच होतं. मी उगीच ओरडलो. लाज वाटते लिहायला, पण लिहितो. वडिलांनी लावलेली सवय आहे, रोज पानभर मराठी लिहायचं, अक्षर विसरू नये म्हणून, आणि खोटं लिहायचं नाही.

देवघरातली घंटा तिच्या हाताशी ठेवली, लागलं तर वाजव म्हटलं. तिने दोन बोटांनी उचलून लांब सारली. देवाची घंटा माणसासाठी कशी वाजवायची! बोलता येत नाही, पण सोवळं शाबूत आहे.

७ जून

काही नाही. बाबूचा फोन लागला नाही. मीच चारदा राउटर बंद-चालू केला, कारण दुसरं काही येत नाही.

८ जून, रविवार

तुळसा खाली आली, गुडघे धरत धरत. म्हणाली, "भावोजी, डब्यात माझाच आवाज ना? मग मीच बसतें हिथे, अक्का दावील ते बोलतें." आणि खरंच बसली. रुक्कू चित्र दाबायची, तुळसा बघून बोलायची, मी आणून द्यायचो. तासभर घर ठीक चाललं. मध्येच रुक्कूने हात उचलून तुळसाच्या गळ्यावर बोट ठेवलं, आवाज निघतो तिथे. तुळसा बोलायची थांबली. मग दोघी रडल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावली.

तुळसा रोज बसू शकत नाही. वर पांडूची साखर, पथ्य, दोन वेळचा स्वयंपाक.

९ जून, सोमवार

कंपनीचा माणूस. सेंदिल नाव, तिरुनागेश्वरम्‌चा, कपाळभर विभूती, वय चाळिशीचं. साडेसातला दारात हजर. मी खूश. म्हणाला, "सार, आता राहुकाळ. नऊनंतर हात लावतो." दीड तास माझ्याशी काँग्रेस आणि कॉफी या विषयांवर बोलला. नऊ वाजता राउटर उलटा करून भोकात टाचणी घातली, त्यावर सगळे दिवे गेले, मग एकच लाल आला. "परवाइल्ले सार," म्हणाला, "काही बिघडलं नाही. दोन्ही राउटर एकत्र केले की झालं. एक वस्तू घेऊन येतो." गेला. आला नाही.

मार्क: दहापैकी दोन. एक वेळेवर आल्याबद्दल, एक कॉफीला बरी म्हटल्याबद्दल. राहूचं देऊळ त्याच्याच गावात, तरी हा बाहेर येऊन काळ पाळतो.

टाचणीने आमचा राउटर सगळं विसरला. आता पाटी हॉलमध्येसुद्धा मुकी.

१० जून

फोन केला. "वंदुट्टे इरुक्केन सार." येतोच आहे. संध्याकाळपर्यंत येतच होता.

११ जून, बुधवार

सेंदिलची वाट सोडली. बाबूने व्हिडिओवरून माझ्याकडूनच करवून घेतलं. सकाळी नऊ ते साडेअकरा. पांडू खाली आला, टॉर्च धरून उभा. मी जमिनीवर पालथा. वरून येणारी वायर राउटरच्या निळ्या भोकातून काढून पिवळ्या भोकात. मग फोनवर राउटरचं पान उघडून, आकडे वाटायचं त्याचं काम बंद. म्हणजे आमचा राउटर आता मालक नाही, वरच्याचा नुसता हात. आकडे वरचा वाटणार, खालचा पोचवणार. दोन घरांचं एक घर.

पांडू म्हणाला, "अण्णा, आपली अम्मा असती तर खूश झाली असती." मी म्हटलं, "अम्मा असती तर म्हणाली असती, मालक वरचा का?" दोघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

मागच्या खोलीत गेलो. पाटी उघडली. रुक्कूने लगेच बोट ठेवलं. काही नाही.

माझ्या फोनवर सखाराम नाव टाकून पाहिलं, डबी आहे का म्हणून. फोनवर गच्ची उघडली. आमचीच, पांडूची. तुळसाने घातलेलं वत्तलचं वाळवण, वर जुनी साडी, कोपऱ्यात पाण्याची टाकी, कठड्यावर एक कावळा. कावळा हलला. मी फोन घेऊन तसाच वर पळालो. तोच कावळा, तिथेच बसलेला.

१२ जून, गुरुवार

उलगडा झाला. पांडूचा मुलगा राजा चेन्नईला असतो. तिथे बसून आईबापांची टाकी भरली का, माकडं आली का हे दिसावं म्हणून त्यानेही वरती एक कॅमेऱ्याची डबी ठेवून दिली आहे. तिलाही नाव दिलंय. स्वतःचंच. सखाराम.

हे मला, एकाच्या बापाला आणि दुसऱ्याच्या सख्ख्या काकाला, आजपर्यंत सुचलं नाही, कारण या घरात त्या दोघांना त्या नावाने कोणी कधी हाक मारलीच नाही. आमच्यात थोरल्या नातवाला आजोबांचं नाव. बाबू आणि राजा चाळीस दिवसांच्या अंतराने जन्मले. राजा आधी, पण धाकट्या भावाचा. बाबू नंतर, पण थोरल्या भावाचा. वडील तेव्हा नुकतेच गेले होते. पांडू नाव सोडेना, मी सोडेना. अम्माने निकाल दिला, दोघांनाही ठेवा. ठेवलं. मग अम्मालाच नवऱ्याचं नाव तोंडात घेऊन नातवांना रागावता येईना, सुनांना सासऱ्याचं नाव घेता येईना, म्हणून पाळण्यातच एक बाबू झाला, एक राजा. खरं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर. दोघं वाढले, इंजिनियर झाले, यंत्राला नाव द्यायची वेळ आली तेव्हा दोघांनी दाखल्यावरचं नाव काढून वापरलं.

वरचं घर वेगळं, खालचं घर वेगळं होतं तोवर चाललं. काल मी दोन्ही घरं एक केली. आता पाटी हाक मारते, 'सखाराम कोण?' आणि वरचा म्हणतो, 'मी.'

"आणि आपली डबी?" मी विचारलं.

बाबू म्हणाला, "एका घरात एका नावाचे दोघं चालत नाहीत, अप्पा. नंतर येणारी स्वतःच मागे आकडा लावून घेते. आपली आता सखाराम-२ झालीय. काही नाही, पाटीत मी सखाराम-२ लिहितो, पाच मिनिटांचं काम."

मी म्हटलं, थांब.

१३ जून, शुक्रवार

थोरल्या घरचा सखाराम दोन नंबरचा? माझ्या हॉलमध्ये?

पांडूला सांगितलं, राजाच्या डबीचं नाव बदला. पांडू म्हणाला, "अण्णा, ती आधीपासून होती, तिने कसाला बदलावं? आणि राजा आधी जन्मला." मी म्हटलं, "थोरला कोण, तू की मी?" तो म्हणाला, "अम्माने अस्कं सरखं केलं होतं." अस्कं सारखं! अम्माने सगळं सारखं केलं म्हणून तर हा घोळ. तो वर गेला, चप्पल आपटत.

राजाचा चेन्नईहून फोन. "पेरिअप्पा," थोरल्या काकाला तो असंच म्हणतो, "मला काही नाही, मी माझं बदलतो." मी म्हणणार होतो की बदल. तेवढ्यात मागून पांडूचा आवाज आला, तोही त्याच फोनवर जोडलेला, "काही बदलूं नको!" दोन्ही पोरं तयार. दोन म्हातारे तयार नाहीत.

१४ जून, शनिवार

पांडू बोलत नाही. मी बोलत नाही. तुळसाही खाली आली नाही, बहुतेक पांडूने अडवलं. सकाळी बाबू म्हणाला, "अप्पा, तोवर माझ्या अम्माचं काय?" मी म्हटलं, दोन दिवसांनी काही बिघडत नाही, इतके दिवस मी सांभाळतोच आहे की. फोन ठेवल्यावर बराच वेळ हॉलमध्ये डबीसमोर बसलो. वहीत मुद्दे काढले, पांडूला काय म्हणायचं ते. सात मुद्दे झाले.

आत रुक्कू पाटी दाबत होती. दिसत होतं इथून. थांब जरा, म्हटलं.

१५ जून, रविवार

मुद्दे नऊ.

१७ जून, मंगळवार

काल लिहिलं नाही. आज लिहितो.

आज सकाळी दहाच्या सुमारास मी जिन्याखाली उभा राहून पांडूशी भांडत होतो. तो वरच्या पायरीवर, मी खालच्या. नवव्या मुद्द्यापर्यंत पोचलो होतो. आत आलो तर रुक्कूची साडी, चादर, गादी, सगळं ओलं. गेल्या चार महिन्यांत एकदाही असं झालं नव्हतं. इस्पितळातही तिने कधी होऊ दिलं नव्हतं. पाटी बाजूला पडलेली, पालथी.

मी साडी बदलली. गरम पाण्याने पुसलं. ती भिंतीकडे तोंड करून होती. रडत होती, आवाज न करता. मी सॉरी म्हणालो. चाळीस वर्षांत तिला हा शब्द कधी म्हटला होता का, आठवत नाही. ती "तेच"सुद्धा म्हणाली नाही.

बाबूला फोन केला. म्हटलं, बदल नाव. आपल्याच डबीचं बदल. काय वाटेल ते ठेव.

"काय ठेवू, अप्पा?"

"तुझ्या अम्माचं ठेव."

तो म्हणाला, आज कामावर आहे, उद्या जेवणाच्या सुट्टीत करतो.

पांडूला वर जाऊन सांगितलं. तो खुर्चीवरून उठला. "अण्णा, मी आत्ता राजाला सांगतों, त्याचं बदलतों," म्हणाला. आता कशाला, म्हटलं. हात धरला माझा. आम्ही दोघं गाढव आहोत, एक नंबरचे आणि दोन नंबरचे.

१८ जून, बुधवार

दुपारी चारच्या आधी बाबूचा फोन. "केलं, अप्पा. पाटीतही बदललं. बघा आता." मी कॉफीला दूध ठेवलं होतं. हॉलमधला कर्णा खरखरला आणि तुळसाचा आवाज आला, "पाणी."

मी तांब्या-भांडं घेऊन धावलो. मागच्या खोलीच्या दारात पोचलो तोवर मागून परत आलं, "पाणी." मग "पंखा." मग "पाणी." मग "पाय दुखतो." पाटी रुक्कूच्या शेजारी होती, पण तिचे हात मांडीवर होते. तिने काही दाबलं नव्हतं. ती हॉलकडे बघत होती.

बाबू फोनवरच होता. म्हणाला, "अप्पा, हे जुनं येतंय. डबीपर्यंत पोचलं नाही तर दाबलेलं वाया जाऊ नये म्हणून पाटी जपून ठेवते, मीच तसं केलं होतं. आता डबी सापडली ना, ती एकेक सोडतेय. चार तारखेपासूनचं सगळं आहे. थांबवू का?"

मी म्हटलं, नको थांबवू.

भांडं खाली ठेवलं आणि हॉलमध्ये कर्ण्यासमोर बसलो. दूध उतू गेलं, उठलो नाही. "दिवा." "कॉफी." "कॉफी." "नको." "पाय दुखतो." तारखा सांगत नव्हता कर्णा, पण मला कळत होत्या. "मान. मान. मान. मान." ही एकादशी, उशीची शिवण. मी तेरा प्रश्न विचारले त्यात मान नव्हती, आणि ती चार वेळा सांगत होती. मग एक लांब "देव." त्याच दिवशी घंटा सारली तेव्हाचा असावा.

सवयीने कॅलेंडरच्या पाठीवर रेघा ओढायला लागलो, पोरांची हजेरी घ्यायचो तशा. पाण्याच्या एकोणीस झाल्या. पायाच्या बारा. मग, मधल्या कुठल्या तरी दिवसापासून, बाकीचे शब्द कमी होत गेले आणि एकच येऊ लागलं.

"ऐकलां का, हिकडे यां!"

"ऐकलां का, हिकडे यां!"

"ऐकलां का, हिकडे यां!"

तुळसाने लाजत, हसू दाबत म्हटलेलं. तेच हसू दर वेळी, त्याच जागी. पाणी नाही, पाय नाही, काही नाही. नुसतं इकडे या. पंधरा, वीस, पंचवीस. मग मी रेघा सोडल्या. मी कुठे होतो? दहा पावलांवर. याच हॉलमध्ये, या डबीसमोर, तिचा आवाज मला ऐकू यावा म्हणून धडपडत. आणि शेवटचे चार दिवस तर त्यासाठीही नाही. वडिलांच्या नावासाठी. ती मला बोलावत होती आणि मी तिला दारातूनच सांगत होतो, थांब जरा.

जिन्यात तुळसा येऊन उभी राहिली होती, पदराचा बोळा तोंडाशी धरून. स्वतःचाच आवाज ऐकत. तिच्यामागे पांडू.

शेवटी आलं, "न्हाणी." "न्हाणी." "ऐकलां का, हिकडे यां!" "न्हाणी." आणि कर्णा थांबला.

मी वाट पाहिली. त्यानंतरचं काही नव्हतं. काल सकाळी दहापासून तिने एकही चित्र दाबलेलं नाही.

आत गेलो. पलंगापाशी खाली बसलो, कारण खुर्ची आणायला पुन्हा हॉलमध्ये जावं लागलं असतं. म्हटलं, "आलों. काय म्हणत होतीस?" ती माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

१९ जून, गुरुवार

खुर्ची मागच्या खोलीत आणली. सकाळपासून इथेच आहे. तुळसाने वरून जेवण पाठवलं. भांडं ओठाशी नेलं की रुक्कू पाणी पिते, घास दिला की खाते. न्हाणीला दर दोन तासांनी मीच विचारून नेतो. पाटी चार्ज करून तिच्या मांडीवर ठेवली आहे, स्वच्छ पुसून. तिने तिला हात लावला नाही. मी सांगितलं, आता बोलते गं ती, सगळं नीट झालं, तुझंच नाव आहे आता डबीला. एक चित्र दाबून तर बघ. कुठलंही दाब. ती खिडकीकडे पाहत होती.

दुपारी बाबूचा फोन. "अप्पा, इथे सगळं हिरवं दिसतंय. नाव सापडतंय, पाटी-डबी बोलतायत एकमेकांशी, एकही चूक नाही. फक्त परवापासून अम्माचं एकही दाबणं नाही. झोपून आहे का?"

"जागी आहे."

"मग पाटीच बिघडली असेल. मी बघतो काय ते."

पाटी बिघडलेली नाही हे त्याला कसं सांगावं कळेना. फोन कानाशी होता. मी हात पुढे केला आणि तिच्या मांडीवरच्या पाटीवर माझ्याच फोटोवर बोट ठेवलं. हॉलमधून आलं, "ऐकलां का, हिकडे यां!" रुक्कूने मान वळवली. माझ्याकडे नाही, दाराकडे. कोणी येतं का ते बघत राहिली.

"अप्पा, आलं! आत्ता एक आलं!" बाबू तिकडे ओरडला. "अम्माने दाबलं ना?"

मी हो म्हटलं.